गव्हर्नर गेले, रेग्युलेशन राहिले

१९३० सालच्या मे महिन्याची ५ तारीख नुकतीच लागली होती. मध्यरात्र उलटून गेली होती. दांडीजवळच्या कराडी गावी एका साध्या झोपडीत महात्मा गांधी झोपलेले असताना सुरतचे जिल्हा मॅजिस्ट्रेट पोलिसांची तुकडी घेऊन तेथे आले. मिठाचा कायदा मोडून महिना झाला होता आणि धारासणा येथील मिठागारावर सत्याग्रही नेण्याचा मनोदय गांधीजींनी जाहीर केला होता. अटक अनपेक्षित नव्हती. गांधीजींनी एवढेच विचारले, की ही अटक १२४ कलमाखाली आहे काय? उत्तर आले, नाही. लेखी हुकूम आहे. गांधीजींच्या विनंतीवरून तो वाचून दाखविण्यात आला. त्याचा मतलब असा होता, की त्यांच्या हालचाली गव्हर्नर व त्यांचे कौन्सिल यांना चिंताजनक वाटतात; सबब १८२७ च्या २५ व्या रेग्युलेशनान्वये त्यांना अटकेत घ्यावे आणि सरकारची मर्जी असेल तोवर येरवड्याच्या तुरुंगात ठेवावे.

या हुकुमात गुन्ह्याचा उल्लेख नव्हता, कारण आरोप ठेवलेलाच नव्हता. खटला चालणार नव्हता, त्यामुळे वकील, साक्षीपुरावा आणि निकाल यांचा प्रश्नच उद्भवत नव्हता. शिक्षेची मुदतही नव्हती. कारण कायद्याच्या भाषेत ही शिक्षा नव्हेच. ज्या रेग्युलेशनाच्या आधारे हे घडले, त्याला त्या वर्षी १०३ वर्षे पूर्ण झाली होती. आणि ते करणारा गव्हर्नर कोणी जुलमी, उन्मत्त सत्ताधीश नव्हता. मुंबई इलाख्याला लाभलेल्या गव्हर्नरांत ज्याचे नाव आजही आदराने घेतले जाते, त्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीतले ते रेग्युलेशन होते.

परकी राजवटीतील कायद्यांचा विचार करताना आपण बहुधा माणसांकडे पाहतो. लिटन वाईट, रिपन चांगला. लॉर्ड सँडहर्स्ट कठोर, एल्फिन्स्टन उदार, अशी विभागणी करून इतिहासाचा धडा संपवतो. ही विभागणी खोटी नाही, पण अपुरी आहे. लिटनने १८७८ मध्ये देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा केला आणि रिपनच्या कारकीर्दीत १८८२ मध्ये तो रद्द झाला, हे खरे. परंतु ज्या कायद्यांना रिपननेही हात लावला नाही, त्यांचे काय? सज्जन गव्हर्नराच्या हातून निघालेले, सज्जन गव्हर्नरांनी न वापरता कपाटात जपून ठेवलेले आणि वेळ येताच कोणीही बाहेर काढावे असे जे कायदे होते, त्यांनीच या देशातील माणसांना अधिक काळ बांधून ठेवले.

उदार गव्हर्नराचे रेग्युलेशन

एल्फिन्स्टन १८११ मध्ये रेसिडेंट म्हणून पुण्यास आला. पेशवाईचा अस्त त्याच्या डोळ्यांदेखत, किंबहुना त्याच्या हातून झाला. १८१९ मध्ये तो मुंबईचा गव्हर्नर झाला आणि आठ वर्षे त्या पदावर राहिला. जिंकलेल्या मुलखातील जुन्या व्यवस्था एकाएकी मोडू नयेत, लोकांच्या चालीरीती समजून घ्याव्यात, असा त्याचा आग्रह असे. दख्खनमधील हिंदू जातींच्या रूढी व निवाडे गोळा करण्याचे काम त्याच्याच राजवटीत आर्थर स्टील याने केले. पुण्यास विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तीही याच काळात. तो निवृत्त झाला तेव्हा मुंबईतील नागरिकांनी त्याच्या सन्मानार्थ शिक्षणासाठी निधी उभारला. पुढे गव्हर्नर-जनरलचे पद चालून आले असताही त्याने ते स्वीकारले नाही. असा हा गृहस्थ होता.

त्याच्या कारकीर्दीतील मोठे काम म्हणजे १८२७ ची संहिता. मुंबई इलाख्यात विखुरलेल्या व परस्परविसंगत झालेल्या नियमांची एकत्र, सुसंगत मांडणी करून ती २७ रेग्युलेशनांच्या रूपाने जाहीर करण्यात आली. तिच्यात दिवाणी व फौजदारी न्यायाची पद्धत होती, अधिकाऱ्यांच्या अधिकारांच्या मर्यादा होत्या. कायदा लिहिलेला असावा आणि तो लोकांना कळावा, ही त्यामागची भूमिका त्या काळाच्या मानाने निश्चितच पुढारलेली होती.

तथापि या संहितेतच पंचविसावे रेग्युलेशन होते. राज्याच्या हिताच्या कारणास्तव एखाद्या व्यक्तीस अटकेत ठेवण्याचा आणि सरदार वगैरेंच्या जमिनी जप्त करण्याचा अधिकार ते सरकारला देत होते. बंगालने १८१८ मध्ये आणि मद्रासने १८१९ मध्ये अशी रेग्युलेशने केलेलीच होती. मुंबईने त्यांचाच कित्ता गिरविला. या सर्वांमागचे तर्कशास्त्र एकच होते. ज्याच्याविरुद्ध न्यायालयात जाण्याइतका पुरावा नाही, किंवा ज्याच्यावर खटला भरणे सोयीचे नाही, अशा माणसालाही अडकवून ठेवण्याची सोय सरकारजवळ असली पाहिजे. त्या काळी नजरेसमोर होते ते पदच्युत राजे, सैन्य जमवू शकणारे सरदार, सरहद्दीवरचे पुंड. त्यांच्या बाबतीत इंग्रजांना भीती वाटावी, हे समजण्यासारखे आहे. पेशवाई बुडून दहा वर्षेही झाली नव्हती.

पण कायद्याच्या शब्दांत भीतीचे कारण लिहिलेले नसते. सरदारांना धाक बसावा म्हणून केलेले रेग्युलेशन सरदारांचे सैन्य गेल्यावर आपोआप रद्द होत नाही. राज्याचे हित कशात आहे हे ठरविणारा जो कोणी त्या खुर्चीवर असेल, त्याच्या हाती ते तसेच राहते. एल्फिन्स्टन १८२७ च्या अखेरीस मुंबई सोडून गेला. रेग्युलेशन मात्र मुंबईच्या दप्तरात राहिले.

१८९७ : एक शहर, तीन हत्यारे

सत्तर वर्षांनी ते पुण्याच्या दारात उभे राहिले. १८९७ चे पुणे म्हणजे परकी सत्तेच्या कायद्यांची जणू प्रयोगशाळाच झाली. एकाच वर्षी, एकाच शहरात तीन वेगवेगळ्या काळांतली तीन हत्यारे चालविली गेली आणि प्रत्येकाचा घाव वेगळा होता.

पहिले हत्यार अगदी नवे होते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा प्लेग सुरू झाला. साथ रोखण्यासाठी कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात २८ जानेवारी १८९७ रोजी विधेयक आले आणि ४ फेब्रुवारीला ते संमतही झाले. आठवडाभरात कोट्यवधी लोकांना लागू होणारा साथरोगांचा कायदा तयार! १८९२ च्या सुधारणेनंतर या मंडळात काही बिनसरकारी सभासद आले होते, त्यांना प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली होती. पण बहुमत सरकारचेच होते आणि सरकारने मनात आणलेले विधेयक अडणे शक्य नव्हते. अवघ्या चार कलमांचा तो कायदा. साथ रोखण्यास जरूर वाटतील ते विशेष उपाय सरकारने योजावेत, ही त्यातली पहिली महत्त्वाची तरतूद. हुकूम मोडणाऱ्यास शिक्षा, ही दुसरी. आणि शेवटचे कलम असे, की या कायद्यान्वये सद्‌हेतूने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणाविरुद्धही दावा वा फिर्याद चालणार नाही.

हेतूविषयी वाद घालण्याचे कारण नाही. प्लेग भयंकर होता आणि रोग्यांना वेगळे ठेवणे आवश्यकच होते. 'केसरी'नेही स्वच्छतेच्या व विलगीकरणाच्या उपायांना सरसकट विरोध केलेला नाही. टिळकांनी स्वतः पुण्यात प्लेगच्या रुग्णांसाठी इस्पितळ चालविले. वाद होता तो रीतीचा. प्लेग कमिटीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांनी घरझडतीच्या कामी गोऱ्या सोल्जरांना लावले. सोल्जर स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले, माणसे छावणीत नेली गेली, सामानसुमान रस्त्यावर आले. ज्याला तक्रार करावयाची, त्याने ती करावयाची कोठे? कायद्याच्या शेवटच्या कलमाने कोर्टाचा दरवाजा आधीच लावून घेतलेला होता. तक्रार करावयाची ती ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच कचेरीत.

२२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतत असता गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले. रँड ३ जुलैला मरण पावले. दामोदर चापेकर यांना पुढे १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी देण्यात आले. त्यांचे बंधू बाळकृष्ण व वासुदेव आणि सहकारी महादेव रानडे यांना १८९९ च्या मे महिन्यात. पण १८९७ च्या जुलैमध्ये सरकारला मारेकरी सापडलेले नव्हते. संताप होता, इंग्रजी वृत्तपत्रांचा गिल्ला होता आणि कोणालातरी धरणे भाग होते. या वेळी उरलेली दोन हत्यारे बाहेर निघाली.

एकाच आठवड्यातील दोन अटका

२७ जुलै रोजी टिळकांना मुंबईत अटक झाली. त्याच सुमारास पुण्यात सरदार नातू बंधूंना, बाळासाहेब व तात्यासाहेब यांना, पकडण्यात आले. एकाच शहरातील प्रतिष्ठित माणसे, एकच निमित्त, एकच सरकार. पण दोघांना लावलेले कायदे भिन्न होते आणि त्या भिन्नतेत या सगळ्या विषयाचे मर्म आहे.

टिळकांवर इंडियन पीनल कोडचे १२४ अ हे राजद्रोहाचे कलम लावण्यात आले. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात असलेले हे कलम १८६० च्या कायद्यातून गळले होते. १८७० मध्ये जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या कायदेपंडिताने ते पुन्हा घातले. कलम कठोर होते. जन्मठेपेच्या काळ्या पाण्यापर्यंत शिक्षा होती. पण काही झाले तरी तो पीनल कोडातील गुन्हा होता. म्हणून आरोप लिहून सांगावा लागला. १५ जून १८९७ च्या 'केसरी'तील मजकूर पुढे ठेवावा लागला. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी जामीन मंजूर केला. सप्टेंबरात न्या. स्ट्रॅची यांच्यापुढे खटला चालला. राजद्रोहाच्या कलमातील अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ त्यांनी ज्यूरीला सांगितला. म्हणजे सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा ठरला. ज्यूरीतील सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरविले, तिघा हिंदी सभासदांनी निर्दोषी. १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. मुंबईच्या गव्हर्नराच्याच कायदेमंडळाचा एक लोकनियुक्त सभासद कैदी झाला.

हा न्याय झाला असे कोणी म्हणणार नाही. पण काय घडले ते जगाला कळले. सहा विरुद्ध तीन हा आकडा कळला. त्या आकड्यानेच निकालाचे खरे स्वरूप उघडे पाडले. न्या. स्ट्रॅची यांचा अर्थ इतका गाजला, की त्यावर इंग्लंडातही टीका झाली. प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दाद मागता आली, ती नाकारली गेली तरी. मॅक्समुल्लरसारख्या विद्वानांनी सुटकेसाठी अर्ज केला आणि टिळक मुदतीपूर्वी, सप्टेंबर १८९८ मध्ये, सुटले. कोर्टाच्या दप्तरात, वृत्तपत्रांच्या रकान्यांत आणि लोकांच्या मनात या खटल्याची प्रत्येक पायरी नोंदली गेली.

नातू बंधूंचे तसे नव्हते. त्यांना १८२७ च्या २५ व्या रेग्युलेशनान्वये धरण्यात आले. त्यांनी काय केले होते? प्लेगच्या बंदोबस्तातील जाचाविषयी त्यांनी अधिकाऱ्यांकडे तक्रारी केल्या होत्या, एवढे लोकांना ठाऊक होते. रँड यांच्या खुनाशी त्यांचा संबंध असल्याचे सरकारने कोणत्याही कोर्टात सिद्ध केले नाही; सिद्ध करावयाची जरूरच नव्हती. दोघांना पुण्याबाहेर नेऊन कैदेत ठेवले गेले, मालमत्तेवर जप्ती आली. ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. उत्तरांतून आरोप काही बाहेर पडला नाही. त्या वर्षअखेरीस अमरावतीस सर शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेसने बंगाल, मद्रास व मुंबईच्या या तिन्ही रेग्युलेशनांविरुद्ध आवाज उठविला. सरकारने ती रद्द केली नाहीत.

या घटनेत एक विलक्षण योगायोगही आहे. हे नातू बाळाजीपंत नातूंच्या घराण्यातले. १८१७ च्या नोव्हेंबरात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले, त्या प्रसंगाशी महाराष्ट्राने ज्यांचे नाव कायमचे जोडले आणि एल्फिन्स्टनचे जे साहाय्यक होते, ते हेच बाळाजीपंत. ज्या घराण्याने राज्य आणण्यास हातभार लावला, त्याच घराण्यावर एल्फिन्स्टनचे रेग्युलेशन चालले. एकदा अमर्याद अधिकार दिला, की तो कोणाविरुद्ध वापरला जाईल हे देणाऱ्याच्याही हाती राहत नाही.

आज महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही टिळकांचा खटला ठाऊक असतो. नातू बंधूंची हकिगत मात्र किती जणांना सांगता येईल? त्यात त्यांचा दोष नाही आणि आपल्या स्मरणशक्तीचाही नाही. कोर्टच नव्हते, तर युक्तिवाद कोठून येणार? आरोपच नव्हता, तर त्याचे खंडन कोणी वाचावे? सुनावणीवाचून होणारी कैद माणसाला तुरुंगात टाकते तशी ती त्याची बाजूही इतिहासातून काढून टाकते.

दहशतीचे दुसरे फळ

या आठवड्याचा आणखी एक परिणाम गोपाळ कृष्ण गोखले यांना भोगावा लागला. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते त्या वर्षी इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप तेथील वृत्तपत्रात केला. जुलैअखेरीस ते मुंबईस उतरले ते नेमके या अटकांच्या धुमाळीत. पुरावा द्या, असे आव्हान सरकारने दिले. ज्यांनी पत्रे लिहिली होती ते पुढे येण्याची शक्यता आता उरली नव्हती. पत्रलेखकांची नावे न सांगता गोखल्यांनी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांची व सैनिकांची बिनशर्त माफी मागितली. हा प्रसंग त्यांच्या मनाला जन्मभर लागून राहिला आणि स्वकीयांकडूनही त्यांना बोल सहन करावे लागले.

गोखल्यांचा आरोप अक्षरशः खरा होता की अतिरंजित, याचा निवाडा आज करता येणार नाही. पण तो का करता येत नाही? फिर्याद ऐकणारे न्यायासन साथरोगाच्या कायद्याने नाहीसे केले होते आणि तक्रार करणारा माणूस रेग्युलेशनाने केव्हाही नाहीसा होऊ शकत होता. अशा वेळी साक्षीदार मिळाला नाही म्हणजे अत्याचार घडलाच नाही, असे मानणे जितके चुकीचे, तितकेच तो घडलाच असे ठामपणे म्हणणेही अवघड. सत्य शोधण्याची साधनेच सरकारने काढून घेतली होती. यात सरकारचेही हित नव्हते. चौकशी झाली असती तर निरपराध सोल्जरांवरचा डागही पुसला गेला असता.

सत्ता काय शिकली?

सरकारने या अनुभवातून धडा घेतला, पण तो कायदे मर्यादित करण्याचा नव्हता. १८९८ मध्ये १२४ अ कलम दुरुस्त करून अधिक व्यापक करण्यात आले. द्वेष व तुच्छता हे शब्द त्यात आले आणि न्यायालयाने ज्या दिशेने अर्थ लावला होता, तिला कायद्याच्या मजकुराचे बळ मिळाले. १९०८ मध्ये याच कलमाखाली टिळकांवर पुन्हा खटला झाला. न्यायाधीश होते दिनशा दावर, १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या बाजूने काम केलेले वकील. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. सातांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोषी. मराठी लेखांवरचा निर्णय इंग्रजी भाषांतरांवरून झाला. सहा वर्षांची शिक्षा झाली आणि टिळक मंडालेस गेले. पण त्याही खटल्याने गिरणगाव बंद पाडला, टिळकांचे भाषण घरोघर पोहोचविले. १९१६ मध्ये जामीन घेण्याची कारवाई झाली, तेव्हा जीना यांच्या वकिलीने मुंबई हायकोर्टात टिळक सुटलेसुद्धा.

१९२२ च्या १८ मार्चला अहमदाबादेत गांधीजींवर हेच कलम लावले गेले. त्यांनी गुन्हा कबूल केला आणि आपण राजनिष्ठ प्रजाजनाचे असहकारी का झालो, ते लेखी निवेदनात सांगितले. न्या. ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या शिक्षेचा दाखला देऊन तितकीच, म्हणजे सहा वर्षांची, शिक्षा दिली. आरोपीच्या पिंजऱ्यातून केलेले ते निवेदन जगभर वाचले गेले.

आणि म्हणूनच १९३० मध्ये कराडीच्या झोपडीत १२४ कलमाऐवजी १८२७ चे रेग्युलेशन आले. खटला म्हटला म्हणजे निवेदन आले, निवेदन म्हटले म्हणजे वृत्तपत्रे आली. रेग्युलेशनात त्यातले काही नव्हते. गांधीजींना मध्यरात्री उठवून आगगाडीने आणि मोटारीने येरवड्यास पोहोचविणे एवढेच करावयाचे होते. जानेवारी १९३२ मध्ये मुंबईच्या मणिभवनातून त्यांना धरले तेही याच रेग्युलेशनाने. त्याच वर्षी सप्टेंबरात ज्या उपोषणातून पुणे करार निष्पन्न झाला, ते उपोषण करणारा कैदी एल्फिन्स्टनच्या रेग्युलेशनाखालचा कैदी होता. व्हाइसरॉय त्या वेळी लॉर्ड विलिंग्डन होते, पूर्वी मुंबईचेच गव्हर्नर राहिलेले.

याला एक उत्तर दिले जाते आणि ते ऐकून घेतले पाहिजे. इंग्रजांनीच या देशाला लेखी कायदा, वकील, अपील आणि हायकोर्टे दिली. तय्यबजींचा जामीन व १९१६ चा निकाल त्याच व्यवस्थेतून आला. हे म्हणणे खरे आहे. परंतु त्यातूनच पुढचा प्रश्न उपस्थित होतो. कोर्टे असताना रेग्युलेशन कशाला हवे होते? ज्या ठिकाणी सरकारला स्वतःच्याच न्यायाधीशांची खात्री नव्हती, नेमक्या त्याच ठिकाणी ते वापरले गेले. कायद्याचे राज्य एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने त्याला पळवाट ठेवलेली होती, आणि ती पळवाट सरकारच्याच उपयोगाची होती.

आपल्या दारातील प्रश्न

१९४७ नंतर हा विषय इतिहासजमा झाला असता तर बरे झाले असते. पण आपल्या राज्यघटनेने २२ व्या कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेला जागा ठेवली. एल्फिन्स्टनच्या रेग्युलेशनात नसलेल्या दोन गोष्टी तिने घातल्या: अटकेची कारणे कळविली पाहिजेत आणि ठरावीक मुदतीनंतर सल्लागार मंडळाचे मत घेतले पाहिजे. हा फरक मोठा आहे. तरीही १९५० मध्ये पहिला स्थानबद्धता कायदा झाला, १९७१ मध्ये मिसा आला आणि १९७५ च्या आणीबाणीत तोच येरवड्याचा तुरुंग पुन्हा खटल्यावाचून ठेवलेल्या माणसांनी भरला. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने अशा कैद्यांना दाद मागण्याचा हक्क नाकारला, न्या. एच. आर. खन्ना यांनी एकट्याने विरोधी मत नोंदविले. तो बहुमताचा निर्णय चुकीचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्टपणे सांगितले. एकेचाळीस वर्षांनी!

राजद्रोहाच्या १२४ अ कलमाची अंमलबजावणी सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२२ रोजी स्थगित ठेवली. १ जुलै २०२४ पासून इंडियन पीनल कोडाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि राजद्रोह हा शब्द गेला. देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांविषयीचे १५२ वे कलम तिच्यात आहे. आणि १८९७ चा साथरोगांचा कायदा २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी सर्वांना पुन्हा परिचित झाला. रोग नवा होता, कायदा १२३ वर्षांचा. २०२० च्या दुरुस्तीने वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना कडक शिक्षा ठेवली, ते योग्यच झाले. पण सद्‌हेतूने केलेल्या कृत्याबद्दल दाद न मागू देणारे शेवटचे कलम मूळ कायद्यात होते तसेच राहिले.

यावरून आजचे सरकार आणि परकी सरकार एकच, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. मतपेटी, स्वतंत्र न्यायालये आणि मूलभूत हक्क यांनी परिस्थिती मुळातून बदलली आहे. पण नेमक्या याच कारणामुळे नवा कायदा वाचताना एक सवय लावून घेणे नागरिकाला शक्य झाले आहे आणि ते त्याचे कर्तव्यही आहे. हा कायदा आज कोणाच्या हाती आहे, हे विचारणे स्वाभाविक असले तरी पुरेसे नाही. त्यात सरकारला कारण लिहून द्यावे लागते काय, ते कारण त्रयस्थ न्यायाधीश तपासू शकतो काय आणि ज्याला धरले त्याला आपली बाजू किती दिवसांत मांडता येते, हे तीन प्रश्न विचारावयास हवेत. १८२७ च्या रेग्युलेशनाला हे प्रश्न विचारणारी प्रजा नव्हती. नातू बंधूंची बाजू म्हणूनच कोणी ऐकली नाही.

मुंबईतील एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. स्थानकाची पाटी बदलण्यास एक अधिसूचना पुरते. पंचविसाव्या रेग्युलेशनामागची समजूत, सरकारला वाटले एवढे कारण पुरे आहे ही, कोणत्याही स्थानकावर लिहिलेली नव्हती. ती विधेयकांच्या पोटकलमांत असते. वर्तमानपत्रात नव्या विधेयकाची बातमी येईल त्या दिवशी तेवढी पोटकलमे वाचावयाची तसदी शिक्षकाने, कारकुनाने, विद्यार्थ्याने घेतली, तर नातू बंधूंच्या न ऐकलेल्या बाजूची थोडीबहुत भरपाई होईल.